वाचकांचे प्रश्न : आता नेमके कोण बोलत आहे?

मागील अंकात टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेम्सविषयी लिहिले होते. तो अंक ज्यांच्या हाती आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या खेळात प्रत्येक खेळाडू एकेक पात्र घेतो आणि त्याची माहिती कॅरेक्टर शीट नावाच्या कागदावर लिहितो. गेम मास्टर म्हणून बसलेला एक जण भोवतालचे जग, तिथली इतर माणसे आणि राक्षस सांभाळतो. आणि ज्या गोष्टीची खात्री देता येत नाही ती चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतच्या फाशांवर सोडली जाते. नागपुरातूनच आलेल्या पत्रांचा गठ्ठा चाळताना असे दिसले, की नियमांविषयी फारच थोड्यांनी विचारले आहे. बहुतेकांचे गाऱ्हाणे शेजारच्या खुर्चीवरील माणसाविषयी आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : आम्ही पाच मित्र दर रविवारी दुपारी माझ्या घरी खेळतो आणि मी गेम मास्टर असतो. आमच्यातील एक जण पात्रातून बाहेरच येत नाही. चहा हवा असला तरी माझ्या बहिणीला ‘दासी, सोमरस आण’ असे ऐकवतो. दुसरा पात्रात कधी शिरतच नाही. ऐन संकटाच्या प्रसंगी क्रिकेटचा स्कोअर सांगतो. दोघांच्या मध्ये माझी ओढाताण होते. मी काय करावे? (एक गेम मास्टर, प्रतापनगर)

उत्तर : दासीचा विषय आधी संपवू, कारण तो खेळाचा नसून दुसऱ्याच्या घरात कसे वागावे याचा आहे. तुमची बहीण त्या खेळात नाही. तिने कोणतेही पात्र घेतलेले नाही आणि तिला कोणी विचारलेलेही नाही. जो टेबलाला बसलेला नाही त्याच्याशी पात्राच्या तोंडून बोलायचे नाही, हे त्या मित्राला चारचौघांत न सांगता जिन्यात गाठून सांगा. चहा त्याने स्वतः आत जाऊन आणला तर अधिक बरे.

आता खेळाकडे वळू. गॅरी अॅलन फाइन नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने असे खेळ खेळणाऱ्यांमध्ये स्वतः बसून त्यांचा अभ्यास केला आणि तो १९८३ साली प्रसिद्ध केला. टेबलावरचा प्रत्येक जण एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरत असतो, असे त्याने दाखवले : एक माणूस म्हणून, एक खेळाडू म्हणून आणि एक पात्र म्हणून. ‘मला सहा वाजता निघायचे आहे’ हे माणूस बोलतो, ‘माझ्याकडे अजून दोन मंत्र शिल्लक आहेत’ हे खेळाडू बोलतो आणि ‘हे दार मी उघडू देणार नाही’ हे पात्र बोलते. ही तिन्ही वाक्ये एकाच मिनिटात एकाच तोंडून निघतात आणि त्यात गैर काहीच नाही. घोळ होतो तो ऐकणाऱ्याला नेमके कोण बोलत आहे ते कळेनासे झाल्यावर. त्यामुळे सतत पात्रात राहा असा दंडक घालू नका. पात्रात शिरताना आणि बाहेर पडताना ते इतरांना कळेल असे काही करा, एवढेच मागा.

हे कळवण्याची एक सोय मराठीत आयती आहे, जी या खेळाच्या मूळ इंग्रजीत नाही. आमच्या टेबलावर एक दाढीवाला अभियंता गेली दोन वर्षे एका वृद्ध राणीचे पात्र खेळतो. तो ‘मी कंदील उचलते आणि पुढे होते’ असे म्हणाला, की राणी पुढे झाली. ‘मी जरा पाणी पितो’ म्हणाला, की अभियंता उठला. एका क्रियापदाच्या रूपावर सगळा उलगडा होतो. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर जीव टाकणाऱ्यांच्या भाषेत ‘मी उचलते’ म्हणायला पुरुषाने संकोचण्याचे काही कारणही नाही. मात्र वाक्य वर्तमानकाळात हवे. ‘मी कंदील उचलला’ असे म्हटले की क्रियापद कंदिलाच्या मागे जाते आणि उचलणारा कोण हे पुन्हा झाकले जाते. जिथे खेळाडू आणि पात्र यांचे लिंग एकच असते तिथे आवाज, बसण्याची ढब किंवा पात्राची पाटी पुढे सरकवणे अशी दुसरी खूण ठरवून घ्यावी.

स्कोअर सांगणाऱ्या मित्राविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. असा खेळाडू बहुतेक वेळा कंटाळलेला असतो, कारण त्याच्याकडे कोणी वळतच नाही. व्हिन्सेंट बेकर या रचनाकाराने २०१० साली आलेल्या आपल्या खेळात गेम मास्टरला लेखीच बजावले आहे, की खेळाडूंना उद्देशून न बोलता पात्रांना उद्देशून बोला. ‘हं, तुझे काय?’ असे विचारले तर स्कोअरच ऐकायला मिळेल. ‘वीरभद्र, मशाल तुझ्या हातात आहे आणि खालच्या पायऱ्यांवर कोणाची तरी चाहूल लागते आहे, तू काय करतोस?’ असे विचारून गप्प राहा. त्या शांततेत सहसा कोणी धावसंख्या सांगत नाही. तासाभराने दहा मिनिटांची सुटी द्या आणि मनसोक्त स्कोअर पाहू द्या. आणि जामठ्याच्या मैदानावर सामना असेल त्या रविवारी खेळ ठेवूच नका, कारण त्या दिवशी तुम्हीही गेम मास्टर राहणार नाही.

प्रश्न : माझे पात्र चोराचे आहे. गेल्या वेळी आमची सगळी टोळी झोपलेली असताना मी आमच्याच जादूगाराची अंगठी चोरली. फासाही माझ्या बाजूने पडला. आता जादूगार खेळणारा मित्र माझ्याशी कॉलेजमध्येही बोलत नाही. मी पात्राच्या स्वभावाला धरूनच खेळले. यात माझे काय चुकले? (एक विद्यार्थिनी, लक्ष्मीनगर)

उत्तर : ‘माझे पात्र असेच वागले असते’ हे वाक्य या खेळाच्या टेबलावर जितक्या वेळा ऐकू येते तितक्या वेळा क्वचितच दुसरे कोणते येत असेल, आणि बहुतेक वेळा ते भांडण सुरू झाल्यावरच येते. तुमचे पात्र आकाशातून पडलेले नाही. त्याचा स्वभाव तुम्हीच पेन्सिलीने लिहिला आहे, आणि जिने लिहिला तिला तो वळवताही येतो. अंगठी चोरण्याची तुमच्या चोराकडे दहा कारणे असतील. पण उद्या तळघरात हाच जादूगार आपला जीव वाचवणार आहे, हे न चोरण्याचे एक कारणही त्याच चोराला शोभून दिसले असते. स्वभावाला धरून वागण्याचे मार्ग प्रत्येक वेळी अनेक असतात. त्यांतला कोणता निवडायचा हे पात्र ठरवत नाही, तुम्ही ठरवता, आणि म्हणून जबाबदारीही तुमच्यावरच येते.

चोराचे पात्र घेतले म्हणजे आपल्याच माणसांना लुटण्याचा परवाना मिळतो, हा समज फार जुना आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला तेव्हा त्यात योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू असे तीनच वर्ग होते; चोर पुढच्या वर्षीच्या पुरवणीतून आला. कुलपे उघडणे, सापळे निकामी करणे, दाराला कान लावून आतला कानोसा घेणे ही टोळीच्या उपयोगाची कामे त्याच्याकडे आली. खिसा कापणेही त्यात होते हे मान्य आहे, पण कोणाचा खिसा कापावा हे नियमाने कधीच सांगितलेले नाही.

तुमच्या मित्राला नेमके काय लागले असावे, याचा विचार करून पाहा. त्याचे पात्र झोपलेले होते, म्हणजे त्याला करण्यासारखे काही नव्हते. आपली अंगठी जाताना तो माणूस जागा राहून, हातात कप धरून, पाहत बसला होता. फासा तुमच्या बाजूने पडला असेल, पण तो टाकायचा की नाही याचा निर्णय त्याच्या आधी झाला, आणि त्या निर्णयात त्याला घेतले गेले नाही. आमच्याकडे असा नियम आहे, की एका खेळाडूचे पात्र दुसऱ्याच्या पात्राविरुद्ध काही करू लागले तर ते सफल झाले की फसले हे ज्याच्यावर घडते तो खेळाडू सांगतो, आणि तिथे फासा पडत नाही. नियम ऐकायला कडक वाटतो. प्रत्यक्षात त्यामुळे आमच्या टेबलावरील दगाबाजी अधिक रंगते, कारण लुटणारा आणि लुटला जाणारा असे दोघे आधीच कुजबुजून ठरवतात आणि तोंडाचा आ वासून पाहण्याची पाळी उरलेल्या तिघांवर येते.

आता त्या मित्राला कॅन्टीनमध्ये गाठा आणि स्वतःच्या आवाजात, चोराच्या नव्हे, चुकले म्हणा. त्यानंतर खेळात चोराला अंगठीसकट पकडले जाऊ द्या, आणि त्याला काय शिक्षा करायची ते जादूगारावर सोडा. माझा अंदाज असा आहे, की तो फार कठोर होणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा आणि त्याचे मित्र आमच्या दिवाणखान्यात पाच-पाच तास खेळतात. मला या खेळातले काही कळत नाही. त्यांना खायला काय द्यावे, आणि मध्येच खोलीत गेलेले चालते का? मागील वेळी तर्री त्यांच्या कागदांवर सांडली आणि एक मुलगा रडकुंडीला आला. (एक गृहिणी, रामदासपेठ)

उत्तर : तर्री-पोहे द्यायला हरकत नाही, पण टेबलावर देऊ नये. त्या लाल तेलाचा डाग कॅरेक्टर शीटवर पडला, की कागद पारदर्शक होतो आणि पेन्सिलीने लिहिलेले आकडे त्यात विरघळल्यासारखे दिसतात. मुलाने त्या कागदावर सहा महिने खाडाखोड करत एक आयुष्य उभे केलेले असते, म्हणून तो रडकुंडीला आला. पोह्यांसाठी त्यांना स्वयंपाकघरात बोलवावे आणि हात धुऊनच परत पाठवावे. खेळताना तोंडात टाकायला फुटाणे, शेंगदाणे किंवा सोललेल्या संत्र्याच्या फोडी पुरतात. चिवड्याचे तिखट बोटांवरून फाशांवर जाते आणि फाशांवरून डोळ्यांत. पाणी शक्यतो झाकणाच्या बाटलीत द्यावे.

खोलीत आपण अवश्य जावे. घर आपलेच आहे. फक्त एखादा मुलगा डोळे मिटून काही बोलत असेल तर ते वाक्य संपेपर्यंत दारात थांबावे. जमिनीवर घरंगळलेला फासा दिसला तर उचलून देऊ नये, नुसते दाखवावे, कारण खाली पडलेला फासा मोजायचा की पुन्हा टाकायचा यावर त्यांचे काही ठरलेले असते. आणखी एक सुचवतो : एप्रिल-मे महिन्यांत कूलरचे तोंड टेबलाकडे ठेवू नये. कागद उडतात हे एक झाले. शिवाय कूलरच्या घरघरीत हळू आवाजातील बोलणे ऐकू येत नाही, मग सगळे ओरडू लागतात, आणि ओरडून सांगितलेल्या गुपितात गुपित काय उरणार?

प्रश्न : नियमांची पुस्तके इंग्रजीत आहेत, आम्ही आपसांत नागपुरी बोलतो आणि पात्रे मात्र राजे, जादूगार, एल्फ अशी आहेत. ‘काऊन बे, दरवाजा उघडून राहिला का?’ असे एल्फने म्हटले, की सगळे हसतात आणि वातावरण संपते. पात्राने प्रमाण मराठीतच बोलावे का? (एक खेळाडू, महाल)

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत आवडला. आपण तीन भाषा वापरत आहात आणि तिन्हींना वेगवेगळे काम देता येते, हे लक्षात घेतले तर अडचण बरीच कमी होते. हिट पॉइंट (पात्र आणखी किती मार सोसेल तो आकडा), सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्यासाठी टाकायचा फासा), इनिशिएटिव्ह (लढाईत पाळी कोणाची आधी ते ठरवणारा आकडा) हे शब्द आहेत तसेच राहू द्यावेत. त्यांचे मराठीकरण करत बसलात तर अर्धी दुपार त्यातच जाईल. शिवाय हे शब्द खेळाडूचे आहेत, पात्राला त्यांची गंधवार्ता नसते. कोणत्याही राणीने युद्धभूमीवर ‘माझे सात हिट पॉइंट उरले’ असे म्हणू नये. ‘आता आणखी एक घाव मला सोसणार नाही’ असे म्हणावे, आणि आकडा हवाच असेल तर खेळाडू म्हणून वेगळा सांगावा.

दुसरे हत्यार सर्वनामांचे आहे. इंग्रजीत मित्राला आणि महाराजांना एकच ‘यू’ पुरतो. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्या आहेत. ज्या मित्राला आपण एरवी ‘बे’ म्हणून हाक मारता, त्यालाच टेबलावर ‘महाराज, आपण मागे राहावे’ असे म्हणालात, तर कोणताही आवाज न बदलता, कोणताही अभिनय न करता, दोघेही आपापल्या भूमिकेत जाऊन बसता. पात्रांची ओळख वाढत गेली की एखाद्या रात्री शेकोटीपाशी ‘तुम्ही’चा ‘तू’ होतो, आणि रागाच्या प्रसंगी ‘तू’चा पुन्हा ‘आपण’ होतो. ही चढउतार आम्ही पात्रांच्या नात्याची नोंद म्हणून कॅरेक्टर शीटच्या मागे लिहून ठेवतो. सुरुवातीला कोणाचे पात्र कोणाला काय म्हणते एवढे ठरवायला दहा मिनिटे लागतात.

नागपुरीचे काय? ती पात्राच्या तोंडी आल्याने वातावरण संपते असे मला वाटत नाही. ती फक्त विनोदासाठीच येते म्हणून लोक हसतात. राजाला प्रमाण मराठी आणि नोकराला बोली ही सवय आपल्या जुन्या नाटक-सिनेमांनी लावलेली आहे, आणि खेळाच्या टेबलावर ती मोडायला कोणाची परवानगी लागत नाही. आमच्या मोहिमेतील सर्वांत ज्ञानी जादूगार शुद्ध वऱ्हाडी बोलतो. पहिल्या दिवशी लोक हसले होते. पुढे एकदा त्याने आपला ग्रंथ मिटला आणि शांतपणे ‘तुले झेपते का हे, पाह्य’ एवढेच विचारले, तेव्हा कोणी हसले नाही. मर्यादा एकच पाळावी : एखाद्या खऱ्याखुऱ्या समाजाच्या बोलण्याची नक्कल करून राक्षस किंवा मूर्ख रंगवू नये. त्या समाजातील कोणी टेबलावर बसलेले नसले तरीही.

प्रश्न : मी नोकरी करते आणि एका सहा जणांच्या गटात शनिवारी खेळते, गटात मी एकटीच मुलगी आहे. एका खेळाडूचे पात्र माझ्या पात्राच्या सतत मागे असते : कविता, स्तुती, हात धरणे. मी विषय बदलला तर तो म्हणतो, ‘हे मी नाही, माझे पात्र आहे, तू खेळ वैयक्तिक का घेतेस?’ बाकीचे हसतात. मी खेळ सोडावा का? (एक वाचक, मनीषनगर)

उत्तर : खेळ आपण सोडण्याचे कारण नाही, त्याने ते वागणे सोडायचे आहे. पात्राच्या आडून बोलले, तरी ऐकणारा कान खराच असतो. खेळातील तलवारीचा घाव पात्राला होतो, कारण तुम्ही सर्वांनी लढाई खेळायची असे ठरवून बसला आहात. प्रेमप्रकरण खेळायचे असे आपण त्याच्याशी कधीही ठरवलेले नव्हते, आणि दोन पात्रांमध्ये असा धागा सुरू करण्यापूर्वी दोन खेळाडूंनी पात्राबाहेर येऊन होकार द्यायचा असतो. विषय बदलणे हा नकारच होता, आणि तो त्याला समजला नाही यावर माझा विश्वास नाही.

पुढच्या वेळी पात्रातून स्पष्टपणे बाहेर या, त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा आणि ‘हा धागा मला नको आहे’ एवढेच सांगा. कारण देऊ नका. कारण दिले की त्यावर वाद घालता येतो. त्याआधी गेम मास्टरशी फोनवर बोलून घ्या, कारण हे थांबवणे हे राक्षस हलवण्याइतकेच त्याचे काम आहे, आणि आतापर्यंत तो हसणाऱ्यांत होता की काय, हेही त्याला विचारायला हवे. एक मोह मात्र टाळा. त्याच्या पात्राला खेळातच धडा शिकवावा, विष घालावे, दरीत ढकलावे असे मित्र सुचवतील. तसे केले तर टेबलाबाहेरचे गाऱ्हाणे टेबलावर आणल्यासारखे होते, आणि ‘वैयक्तिक घेतले’ हा त्याचा आरोप त्याला आयता खरा करून मिळतो.

हे केवळ आपल्याच गटात घडत आहे असे मुळीच नाही, म्हणूनच त्यासाठी साधने तयार झालेली आहेत. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी रूढ केलेले एक्स कार्ड त्यांतले सर्वांत सोपे : कागदावर मोठी फुली काढून तो टेबलाच्या मध्ये ठेवायचा, कोणीही त्याला बोट लावले की चालू असलेला भाग तिथेच वगळायचा, आणि का हे कोणी विचारायचे नाही. रॉन एडवर्ड्स यांनी रेषा आणि पडदा असे दोन भाग सुचवले होते. रेषेपलीकडचे खेळात येतच नाही, आणि पडद्यामागचे घडते पण दाखवले जात नाही. खेळ सुरू करण्यापूर्वीच्या बैठकीत, जिला सेशन झिरो म्हणतात, हे सर्वांकडून लिहून घ्यावे. तुमच्या गटाने ते केलेले नसावे. आताही उशीर झालेला नाही. आणि हे सगळे करूनही तो थांबला नाही, तर त्याला उठवण्याचे काम गटाचे आहे. गट ते करत नसेल तर दुसरा गट शोधा, आणि का गेलात ते त्यांना स्पष्ट सांगून जा.

प्रश्न : ट्रोल नावाच्या राक्षसाला आगीने किंवा आम्लाने भाजले नाही तर त्याच्या जखमा पुन्हा भरून येतात हे मला पुस्तक वाचून माहीत आहे, पण माझे पात्र खेड्यातला कुंभार आहे. मी पहिल्याच फेरीत मशाल फेकली तर गेम मास्टर म्हणाला की ही फसवणूक आहे. (एक खेळाडू, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : फसवणूक हा शब्द मला जड वाटतो, पण त्याची तक्रार निराधार नाही. खेळाडूला असलेली माहिती पात्राच्या हातून वापरणे याला मेटागेमिंग म्हणतात, आणि त्यात इतरांचा तोटा होतो तो असा, की कापलेला हात पुन्हा उगवताना पाहून घाबरण्याची त्यांची संधी जाते. असे असले तरी कुंभाराने आगीचाच विचार करावा यात अशक्य काय आहे? तो आयुष्यभर आव्यापाशी बसलेला माणूस आहे. सरळ गेम मास्टरला विचारावे : ‘माझ्या कुंभाराला हे ठाऊक असेल का?’ तो हो म्हणेल, नाही म्हणेल किंवा बुद्धीचा फासा टाकायला लावेल, आणि तिन्ही उत्तरांत खेळ पुढेच जातो. नाही म्हणालाच, तर दोन फेऱ्या काठीने लढा, जखम भरून येताना पाहा, घाबरा, आणि मग मशाल उचला. ‘मडके भाजले की त्याची पुन्हा माती होत नाही’ असे त्या क्षणी कुंभार म्हणाला, तर गेम मास्टरलाही काही बोलता येणार नाही.

प्रश्न : माझे वय ४१ आहे. भाच्यांच्या आग्रहाने या खेळात ओढला गेलो. मला अभिनय येत नाही, आवाज काढता येत नाहीत, माझी पाळी आली की घाम फुटतो. दिवसभर कापडाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाने हे करावे का? (एक व्यापारी, इतवारी)

उत्तर : आवाज काढणे बंधनकारक नाही. याच ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ सालच्या आवृत्तीत पात्र रंगवण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी दिलेल्या आहेत : एक, पात्राच्या तोंडून बोलणे, दुसरी, पात्र काय करते आणि काय म्हणते याचे वर्णन करणे. ‘माझा माणूस पहारेकऱ्याची समजूत घालतो, आपण साधे व्यापारी आहोत असे सांगतो आणि बोलता बोलता हातातली थैली थोडी वाजवतो’ हे तृतीयपुरुषी वाक्य पात्रात राहूनच बोललेले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. खुर्चीत बसून, रोजच्या कपड्यांत खेळणाऱ्याला त्यांतले निम्मे तसेही वापरता येत नाहीत, तेव्हा उरलेल्यांतले जेवढे जमेल तेवढेच करावे. भाचे हसले तर त्यांना सांगावे, की टेबलावर दुसऱ्याच्या बोलण्याच्या धाटणीला हसणे हाही शिष्टाचाराचा भंग आहे.

अभिनय येत नाही हे मात्र मी मानायला तयार नाही. गिऱ्हाईक चौथा गठ्ठा उलगडायला लावते तेव्हा आपल्या चेहऱ्यावर जे हसू असते, आणि ‘ताई, यात माझे काहीच उरत नाही’ हे वाक्य आपण ज्या स्वरात म्हणता, ते काय आहे? पुढच्या बैठकीपूर्वी गेम मास्टर भाच्याला बाजूला घ्या आणि त्याच्याकडून घोड्यांच्या बाजारातला एक सौदा मागून घ्या. तो घोडेवाला होऊन किंमत सांगेल. त्या किमतीवर आपण काय बोलायचे, हे मी आपल्याला शिकवायला नको.